अप्पांचा ताठ पाय

वस्ताद अप्पांच्या आधी त्यांचे गुडघे ऐकू यायचे. विहारासमोरच्या पटांगणात आम्ही लाठ्या घेऊन उभे असायचो. कडेच्या ओट्यावरून अप्पा उठायला लागले की कट्ट, कट्ट असे दोन आवाज व्हायचे, आणि आम्ही हसायच्या आत अप्पाच म्हणायचे, "हलगी वाजली. लागा खेळाला!"

अप्पा गवंडी होते. आमच्या चिंताकी गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. दिवसभर उकिडवं बसून दगड लावायचे, आणि संध्याकाळी अंग धुऊन लाठी शिकवायला हजर. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची लाठी सगळ्यांत पुढे असायची, ती त्यांच्या जिवावर. मुलींना त्यांनी पहिल्यापासून घेतलं. कोणीतरी पारावर टोकलं, "पोरींला कामून शिकवायलाव, अप्पा?" तर म्हणाले, "लाठी इचारत न्हाई, हातात बांगडी हाय का कडं."

शिकवण्याची त्यांची एकच पद्धत होती. "बग अन् कर." यापलीकडे शब्द नाही. हात चुकला तर रागवायचे नाहीत, समजावून सांगायचेही नाहीत. स्वतः पुन्हा करून दाखवायचे. आम्ही त्यांच्याकडे बघून बघूनच शिकलो. पवित्रा कसा खाली बसतो, पाय कसा सरकतो, लाठी डोक्यावरून जाताना मान किती वाकवायची, हे सगळं आमच्या डोळ्यांतून अंगात गेलं. मी शिकले तेव्हा अप्पांचे गुडघे वाजत असले तरी वाकत होते. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्या सुमारास अप्पांच्या गुडघ्यांनाही नावं पडली. उजवा साहेब, डावा शिपाई. "शिपाई मुकाट काम करतो. साहेब नुसता कुरकुरतो, अन् वाकत तर बिलकुल न्हाई." थंडीत साहेब सुजायचा. मग आक्का, म्हणजे त्यांची बायको, रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची आणि बांधता बांधता तोंडाचा पट्टा सोडायची. "दात पडाय लागले, तरी लाठी सुटंना. कुनाला मारायचं राहिलंय आता?"

"तुलाच," अप्पा म्हणायचे. "पन तू हाताला लागंनास."

"साहेबाला सांगा की माज्यामागं पळायला!" आक्का गाठ जरा जास्तच आवळायची.

बिदरच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. उकिडवं बसू नका, स्टूल वापरा, पण पाय हलता ठेवा, बसल्या बसल्या लांब करत जा, मांडीत ताकद राहू द्या, असा त्यांचा सल्ला. अप्पांनी त्यातलं 'पाय हलता ठेवा' तेवढं घरी आणलं आणि बाकीचं बसमध्येच विसरले. खेळ चालू राहिला. फक्त आता उजवा पाय काठीसारखा ताठ बाजूला टाकून ते डाव्यावर सगळा भार घ्यायचे.

मी तोवर शिक्षिका होऊन औरादकडे राहायला गेले होते. जयंतीला मात्र दरवर्षी येई. एका वर्षी औरादला आसपासच्या गावांची पथकं एकत्र यायची होती. आमची मुलं-मुली पांढरे कपडे, निळे फेटे घालून रांगेत उतरली. लाठ्या अशा फिरत होत्या की मधून पाखरू गेलं नसतं. पण बघता बघता लोकांत खसखस पिकली. आमच्या प्रत्येक पोराचा उजवा पाय ताठ होता! सगळी रांग एका तालात लंगडत होती. एवढंच नाही, वळताना अप्पांच्या तोंडून कळ येऊन निघणारं "अय्यो" हेसुद्धा पोरांनी खेळाचाच भाग समजून घोटलं होतं. दर वळणावर सगळ्यांनी मिळून एका सुरात "अय्यो!"

शेजारच्या गावचे वस्ताद हसत हसत म्हणाले, "अप्पा, तुमच्या गावच्या पान्यात काय हाय का? समदी लेकरं एकाच पायानं लंगडायलीत!"

सगळे हसले. मीही हसले. अप्पा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या घरी गेले तर लाठी आढ्याला टांगलेली आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून बसलेले. "मी लेकरांला लंगडं केलो," एवढंच बोलले. संध्याकाळी मुलं ओट्यापाशी थांबून परत गेली. अप्पांशिवाय गावात शिकवणारं कोणी नव्हतं. लाठी आढ्यावर राहिली असती, तर पुढच्या जयंतीला वस्तीची मिरवणूक नुसती चालत गेली असती. आणि अप्पा त्या भिंतीकडे बघत किती दिवस काढणार, हा आक्काचा घोर होता. तिचे टोमणे बंद झाले, तेव्हा मी खरी घाबरले.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मला रडत बसणं जमत नाही, कामं वाटून देणं जमतं. शाळेतून एक उंच स्टूल मागून आणलं. पटांगणावर पाणी मारून माती ओली करवली. पदर खोचला आणि अप्पांच्या दारात उभी राहिले. "अप्पा, मी साहेब बिघडायच्या आधीची शिकलेली आहे. माझा पाय वाकतो. पाय मी दाखवते, तुम्ही स्टुलावर बसून हात दाखवा."

"तुला ध्येनात हाय का तरी?"

"नाही. म्हणून तर तुम्ही पाहिजेत."

आक्काला कंठ फुटला. "जावा की! घरात बसून माज्या डोक्याला ताप कामून?" तिनंच लाठी काढून हातात दिली.

ओल्या मातीत माझी पावलं उमटत गेली आणि मुलं त्या ठशांत पाय टाकत मागे आली. मी चुकले की स्टुलावरून लाठीचं टोक यायचं. "टाच उचल! तू फळ्यावर लिहायलीस का लाठी खेळायलीस?" आयुष्यभर 'बग अन् कर' म्हणणारा माणूस त्या उन्हाळ्यात बोलायला शिकला. मुलांना त्यांनी नवा नियम घातला, "पाय बाईचे बगा, हात माजे बगा, तोंड कुनाचंच बगू नका." हळूहळू स्टूल मागे राहिलं. लाठीचं टोक पुढे करताना उंच बसून पाय लांब करायची डॉक्टरांनी सांगितलेली कसरत चुकून रोज घडत होती, आणि अप्पा उभ्यानं, ताठ पायानं, आपला खेळ आपल्यापुरता खेळू लागले.

पुढच्या जयंतीला आमची पोरं अशी खाली बसून खेळली की शेजारचे वस्ताद पुढे येऊन लाठीला हात लावून गेले. मिरवणूक परत वस्तीत आली. ओट्यावर स्टुलाशेजारी अप्पा उभे होते. त्यांच्यासमोर येताच रांगेतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, उजवा पाय ताठ केला आणि एक अख्खा फेर अप्पांसारखा घातला. वळणावर एका सुरात "अय्यो!"

"हरामखोरांनो!" अप्पा ओरडले, आणि हसता हसता स्टुलावर बसले. आक्का पदरात तोंड घालून हसत होती.

अप्पा शेवटच्या हिवाळ्यापर्यंत लाठी फिरवत होते. ते गेले, पण तो फेर राहिला. त्या ओट्यासमोर मिरवणूक आली की आजही पथकाचा पाय ताठ होतो. मी आता बदली होऊन गावातच आहे. तयारी माझ्याकडे असते, आणि शिकवताना ते स्टूलही. परवा नव्यानं शिकायला आलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हितंच पाय ताठ कामून करायचा?"

करून दाखवावं म्हणून मी स्टुलावरून उठले. कट्ट, कट्ट.

मुली हसायच्या आत मी म्हणाले, "हलगी वाजली. लागा खेळाला!"