बोंबलांवर टांगलेली सीडी

गोष्ट २००९ सालची. मी तेव्हा अठ्ठावन्नचा. आज शेजाऱ्याने सुकत्या बोंबलांवर कावळ्यांना भ्या दाखवायला सीडी टांगली. ती उन्हात चमकली, नि मला तेव्हाची आमची सीडी आठवली.

पोराने दुबईहून नातीचा व्हिडिओ पाठवला होता. शुगरने आमच्या हिची नजर अधू होत चालली होती. तिला नात एकदा डोळ्यांनी बघायची होती. पण बिघडलेला कॉम्प्युटर आतलं सगळं पुसून नव्याने भरला, तेव्हापासून पडद्यावर नुसते चौकोन हलायचे. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हंजे चित्र दाखवणारा प्रोग्रॅम, न्हाय. कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी द्या."

ती मीच बोंबलांवर टांगलेली. खाऱ्या वाऱ्याने पार पांढरी पडली होती.

ही हसली. "म्हंजे आपला पिच्चर कावळ्यांनी बघितला."

"शेजारी कॉम्प्युटर हाय, तिथं व्हिडिओ लावा. आत्ता दिसेल," दुरुस्तीवाला म्हणाला.

"माझी नात दुसऱ्याच्या घरात बसून बघायची न्हाय," मी म्हणालो. ही उठून आत गेली. तेव्हा मला तो माझा ताठा शोभून दिसला. आज वाटतं, ओटा उतरला की शेजारचं दार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर गोधडीत बांधून मी पहिल्या एसटीने अलिबागला तो ड्रायव्हर टाकून आणायला निघालो. ही दारात येऊन हात हलवत होती, पण तोंड भलत्याच बाजूला; मी तिला दिसतच नव्हतो.