जावयाचे दोन 'नको'

अमरावतीत घराच्याच पुढच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास घेतो. वाक्यात नकार एकदाच, हे फळ्यावर लिहून लिहून माझा खडू झिजला. तरी पोरं 'आय डोन्ट वॉन्ट नथिंग' लिहितातच. "डोन्टनं नाही म्हटलं ना? मग नथिंग कशाला? दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात," मी समजावतो. हे शिकवणारा माणूस सासरी गेला की काय करतो, ते आज लिहूनच टाकतो.

मला साखर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. अकोल्याच्या सासूबाईंना मात्र मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मी त्यांच्या पुरणपोळीला छान म्हणालो होतो. तेव्हापासून मी आलो की पुरण शिजतंच. मूळचाच अबोल मी, त्यात आमच्याकडे जावयाचा नकार कोणी मनावर घेत नाही. पहिलं 'नको' म्हणजे संकोच, दुसरं 'नको' म्हणजे वाढा. मी दोन्ही म्हणायचो, खायचो, आणि परतीच्या बसमध्ये चोरासारखा गप्प बसायचो.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावून गोडधोड खाऊ घालायचा महिना. त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट बिघडला. असंच चाललं तर इन्सुलिनची सुई, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अकोल्याच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागं पडलं तशी बायको म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

"सांगतो ना."

"मागच्या खेपेलेही हेच म्हटलं होतं. मंग पोळ्या कोणी हाणल्या?"

सासरी ताटात पुरणाचे धोंडे आले, वरून तुपाची धार.

"घ्या जवाईबापू, अजून घ्या."

"नको, नको."

आणखी दोन पडले. बायकोनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी ताटावर हात आडवा धरला.

"नको. मले साखर आहे, आई. लय दिवसांपासून आहे."

सासूबाई धोंड्यांचं भांडं धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांना आता रडू येणार, असं वाटून मी मान खाली घातली.

"मंग काहून नाही सांगितलं?" त्या खुर्चीवर टेकल्या. "इथं माहे गुडघे गेले पुरण वाटता वाटता. मले तं आवडतही नाही ते. तुमच्यासाठी करून राहिली मी इतकी वर्षं."

"तुमी दोघंही एका माळेचे मणी," बायको म्हणाली आणि हसत सुटली.

धोंडे शेजारी गेले. माझ्यासाठी ज्वारीची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी आली. त्या घरात इतक्या चवीनं मी कधी जेवलो नव्हतो.

"अर्धी भाकर अजून?" सासूबाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. एकदाच आणि ठाम.

त्यांनी अख्खी वाढली.