दफ्तर, चावडी आणि दगड

कापसाच्या हंगामात उमरावतीच्या बाजारातून नुसते चालत गेले, तरी घरी येईपर्यंत पदराला रुई चिकटलेली असे. कितीही झटका, एखादा तंतू राहायचाच. माझ्या वडिलांच्या कचेरीतले किस्से मला असेच चिकटलेले आहेत. पुढे आयुष्यभर मी शाळेत मुलींना शिकवले आणि भारदस्त विषयांवर पुष्कळ बोलले, पण माझ्या विद्यार्थिनी भेटल्या की विचारतात ते एकच : "बाई, तुमच्या तात्यांची ती गोष्ट सांगा ना!"

तेव्हा आता लिहूनच ठेवते.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काल ज्याला कोणी ओळखत नव्हते, तो आज 'शेट' झाला. परवा ज्याच्याकडे एक बैलबंडी होती, त्याची आज 'कंपनी' निघाली! मुंबईच्या व्यापारी पेढ्या गोंधळल्या. हा शेट कोण? ही कंपनी कुठली? हे शोधून कळवण्यासाठी तात्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि 'वऱ्हाड चौकशी कचेरी' काढली. कचेरीत माणसे दोन : तात्या आणि त्यांचे कारकून बापूराव. जागा, आमची ओसरी; दारावर कचेरीची पाटी. गिऱ्हाईक एकच, मुंबईची एक पेढी.

तात्यांचा नियम कडक होता. माणसाचे नाव तीन ठिकाणी सापडले पाहिजे : तहसिलीच्या दफ्तरात, गावच्या चावडीवर लोकांच्या तोंडी, आणि त्याने बांधलेल्या विहिरीच्या, घाटाच्या वा देवळाच्या दगडावर. "कागद बदलता येतो, माणसे बदलतात, दगड बदलत नाही," असे ते म्हणत.

आईचे म्हणणे त्याहून स्पष्ट होते. "ही कचेरी बुडाली, तर पुण्याला भावजींच्या घरी जावे लागेल. तुम्ही जा. जाऊबाईंच्या हाताखाली भाकऱ्या थापायला मी जाणार नाही!"

*

तात्यांचा दगडाचा नियम बाजारात फुटला. मग काय! एका हंगामात उमरावतीतली एक पायरी कोरी राहिली नाही. विहिरी संपल्या, घाट संपले, गुरांच्या पाण्याच्या डोणीसुद्धा संपल्या. पाथरवटांना जेवायला सवड मिळेना.

एके सकाळी आमच्या दारात परीट उभा. हातात फाटक्या धोतरांचा ढीग.

"तात्यासायेब, त्या नव्या शेटनं माया धुण्याच्या दगडावर नाव कोरलं जी! त्या अक्षरायवर आपटून आपटून समद्या गावाचे धोतरं फाटून राहिले. लोकं मले शिव्या देते. मी तं शेटले वळखतबी नाई!"

तात्यांनी गंभीरपणे विचारले, "नाव नीट वाचता येते का?"

"नाव कायले वाचता? हे धोतर पाहा ना! इथून तिथून शेटचंच नाव फाटलं हाये!"

*

अकोल्याकडच्या एका खेड्यातून 'अकोला-लिव्हरपूल रुई कंपनी' या नावाने मुंबईला पत्र गेले होते. मुंबईच्या पेढीने घाईघाईने विचारले : भागीदार किती, आणि कसे आहेत?

बापूराव बंडीत बसून, हाडे खिळखिळी करून घेत तिथे पोचले. चावडीवर पाटील बसले होते.

"कंपनीचे मालक कुठे भेटतील?"

पाटलांनी शेजारी चिलीम ओढणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले. "हा काय बसला."

"आणि भागीदार?"

"तो मांगं चारा खाऊन राहिला."

बापूरावांनी मागे पाहिले. पांढरा, तगडा बैल होता. मालकाने चिलीम बाजूला ठेवली आणि मोकळेपणाने सांगितले, "खरं सांगू का जी, समदे कष्ट त्याचेच हायेत. माहा नुसता बोलाचा धंदा."

बापूराव खोटे लिहीत नसत आणि विनोदही करीत नसत. त्यांनी कळवले : 'भागीदार दोन. पैकी एक कष्टाळू, मितभाषी व निर्व्यसनी आहे. दुसऱ्याविषयी तसे म्हणता येत नाही.'

मुंबईहून उलट टपाली उत्तर आले : 'पैकी पहिल्याशीच करार करावा!'

*

बार्शीटाकळीच्या एका व्यापाऱ्याने सांगितले, की तिथले पुरातन देऊळ आमच्याच पूर्वजांनी बांधले. दगडावर नाव आहे, जाऊन पाहा. बापूराव गेले. दगड होता, अक्षरेही होती. पण ती कोणत्या काळातली, हे देवालाच ठाऊक. बापूरावांनी डोळे ताणले, ओला पंचा फिरवून पाहिला, आडवे झोपूनही पाहिले. अखेर गुरवाला बोलावले.

"यावर नाव कोणाचे आहे?"

गुरवाने एकदा दगडाकडे आणि एकदा बापूरावांच्या हातातल्या नारळाकडे पाहिले.

"तुमाले कोणाचं पायजे?"

*

एक धिप्पाड जमीनदार आपल्याविषयीचा अहवाल मागायला स्वतःच आला. सोबत त्याची कारभारीण होती. तात्यांनी कागद पाहून चष्मा काढला.

"तहसिलीच्या दफ्तराप्रमाणे आपण गेल्या पावसाळ्यात वारलात."

"अन् मंग मी कोण हाव?"

"तो प्रश्न आमच्या कचेरीच्या कक्षेत येत नाही."

जमीनदार संतापला, ओसरीवर थयथय नाचला. तात्या म्हणाले, "कृपा करून शांत व्हा. नोंदीला हे शोभत नाही."

कारभारीण दाराशी उभ्या असलेल्या आईजवळ सरकली. ती हळूच म्हणाली, "बाई, सरकारले कसं का कळलं वं? मी तं घरी रोजच म्हणतो, जिता माणूस असा लोळून राह्यते का!"

*

माझे लग्न ठरवायची वेळ आली, तेव्हा एक चांगले स्थळ चालून आले. मुलगा शिकलेला, घर सुखवस्तू. मुलाचे वडील फराळाला बसले. आईने चकल्या वाढल्या. तात्यांनी दफ्तर तपासले होते, चावडीवर विचारले होते. दगड तेवढा राहिला होता. त्यांनी सहज विचारले :

"मुलाचे नाव कोणत्या दगडावर पाहायला मिळेल?"

पाहुण्यांचा हात तोंडाजवळच थांबला. "अहो, मुलगा अजून जिवंत आहे!"

ते स्थळ गेले. आई कित्येक दिवस तात्यांशी भिंतीकडे पाहून बोलत असे. मी मात्र वाचन चालू ठेवले आणि पुढे शाळेत शिरले; तेव्हा माझी काही तक्रार नाही.

*

मग अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस धाडकन कोसळला. 'शेट' पुन्हा नुसत्या नावाने हाक मारण्याजोगे झाले. आमच्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाने वऱ्हाडातला व्यवहार बंद केला. ओसरीवर माशा बसू लागल्या. आईने भांडी गाठोड्यात बांधायला घेतली.

अशात मुंबईच्या एका नव्या, मोठ्या पेढीचे पत्र आले. तात्यांचे नाव तिला त्यांच्या सरकारी नोकरीतल्या जुन्या साहेबांकडून कळले होते; कचेरी त्यांचीच, हे मात्र ठाऊक नव्हते. पत्र असे : 'उमरावतीत कायमचा चौकशीदार नेमण्याचा आमचा विचार आहे. बाजारात वऱ्हाड चौकशी कचेरी असे एक नाव ऐकू येते. ती कितपत भरवशाची आहे, याचा तपास करून आपण निःपक्षपातीपणे कळवावे.'

बापूराव टुणकन उठले. "तात्यासाहेब, आपलीच कचेरी! लिहा, उत्तम आहे!"

"तपास झाला का?"

"कसला तपास? आपण इथेच बसलो आहोत!"

"बसलेला जमीनदारही मेलेला निघाला होता," तात्या म्हणाले. "चला."

दोघे तहसिलीत गेले. ओसरी भाड्याची; दफ्तरात नाव नाही. चावडीवर गेले. तात्यांनी स्वतः बाजूला उभे राहून बापूरावांना विचारायला लावले.

इथले पाटील बापूरावांना न ओळखता म्हणाले, "ते का? दोन बामन हायेत. दिवसभर लोकायच्या विहिरी वाचत फिरते. काहून, तेबी सांगत नाईत. तसे गरीब हायेत, चावत नाईत."

राहिला दगड. तो कुठेच नव्हता.

आई म्हणाली, "अहो, मग एक कोरून घ्या! पाथरवट रिकामेच बसले आहेत."

"त्याला पुरावा तयार करणे म्हणतात."

"निदान कचेरी आपलीच आहे, एवढे तरी कळवा!"

"ते त्यांनी विचारलेले नाही."

आईने कपाळाला हात लावला. तात्यांनी बैठक मारली आणि ठळक, गोलाकार अक्षरांत लिहिले : 'सदर कचेरीचे नाव एकाही ठिकाणी आढळले नाही. तिच्या माणसांविषयी गावात कुतूहल आहे, भरवसा नाही. व्यवहार करू नये.' खाली स्वतःचे पूर्ण नाव घातले. बापूरावांनी पत्र टपालात टाकले आणि येताना डोळे पुसले. आईने जातेसुद्धा पोत्यात घातले. पुण्याच्या जाऊबाईंना, येत आहोत, असे मीच तिच्या सांगण्यावरून लिहिले.

आम्ही बंडी सांगायला निघालो, त्याच दिवशी मुंबईचे उत्तर आले. आईला हातातले गाठोडे खाली ठेववेना. तात्यांनी पत्र उभ्यानेच मोठ्याने वाचले :

'आपल्या परखड अहवालामुळे आम्ही मोठ्या फसवणुकीतून वाचलो. त्या कचेरीला आम्ही दारात उभे करणार नाही. आमचे वऱ्हाडातील सर्व काम यापुढे आपणच पाहावे, ही विनंती.'

आई आत गेली. पोत्यातून जाते काढल्याचा आवाज आला.

तात्यांनी पत्राची व्यवस्थित घडी केली, पागोटे सारखे केले आणि म्हणाले, "बापूराव, दारावरची पाटी उतरवा. अशा लोकांशी आपला संबंध नको."