पोळ्याच्या सकाळी निंबोळीचं गवत

पुरणाची अर्धी डाळ वाटून झाली होती, अर्धी पातेल्यातच होती. तेवढ्यात भागवत चहा मागायला आत आला आणि जाता जाता आपल्या मायला, द्वारकाबाईंना, सांगून गेला, की औंदा बैल ओढ्याकाठी नेले न्हाईत, आपल्याच माळावर सोडलेत. असं गवत साऱ्या शिवारात कुणाचं न्हाई म्हणे.

द्वारकाबाईंचा हात पुरणयंत्रावरच थांबला.

पोळ्याच्या सकाळी शिवारातल्या चांगल्यात चांगल्या गवतात, ते कुणाचंही असो, साऱ्या गावानं बैल मोकळे सोडायचे, ही रीत काही त्यांना नवी नव्हती. पण त्यांचा माळाचा तुकडा त्या मानाला कधी पोचलाच नव्हता. जनावर चरताना जिथं मुतायचं तिथं तेवढा हिरवागार झुबका उठायचा, बाकी सगळं पिवळं. युरिया फेकला तर चार दिवस रंग यायचा आणि एका पावसात सगळं खत उतारानं खालच्या विहिरीकडं जायचं. उन्हाळ्यात तालुक्याला, औंढ्याला, बायांची शेतीवरची बैठक झाली, तिथं त्यांनी ऐकलं, की निंबोळी कुटून युरियात कालवली तर तिचा कडूपणा मातीतल्या जिवाणूंना आवरून धरतो. मग खतातला नत्र पावसाबरोबर पळत न्हाई, मुळांना सावकाश पुरतो. उकंडराव हसले होते. सरकारी गोणीला कडुलिंबाचं तेल लागूनच येतं, आता तू गवताला काढाही पाजशील, म्हणाले. द्वारकाबाईंनी तरी नवऱ्याचं ऐकलं न्हाई. युरिया निम्म्यावर आणला, निंबोळी उखळात कुटली. आणि गवत खरंच जोमात आलं.

तेच आता आडवं आलं होतं. काल दुपारी आभाळ गच्च भरलं, म्हणून रात्रीच्या पावसात जिरेल या भरवशावर त्यांनी तिसऱ्या खेपेचं खत टाकलं. संध्याकाळी हळद-तुपानं बैलांचे खांदे चोळले, हात जोडून म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. पाऊस मात्र आला न्हाई. खताचे दाणे, जनावराच्या पोटात गेले तर विषच, तसेच वर पडलेले, आणि पाहुणे आवतनाप्रमाणं त्यावर जेवून राहिले.

पुरणाचं पातेलं कडेवर घेऊन त्या पळाल्या. काठी घेता येत नव्हती. त्या दिवशी बैलावर काठी उगारायची न्हाई, आरडून हाकलायचं न्हाई, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं.

माळावर त्यांची जोडी वरच्या अंगाला होती. शेजारच्या ग्यानोबाचा बैल शेंद्र्या मात्र खाली, जिथं कालचा हात जरा जडच पडला होता, नेमका तिथं. ग्यानोबा बांधावर तंबाखू मळत बसला होता.

"भावजी, शेंद्र्याला बाहेर काढा. काल खत टाकलंय मी."

"आज बैलाला ताटावरून उठवू म्हणता, वैनी?"

"त्या ताटात युरिया हाय."

ग्यानोबा उठला, पण सणाच्या दिवशी बैलाला हाकलायला पुढं झाला न्हाई. द्वारकाबाईंनीच पुरणाचा गोळा तळहातावर घेऊन पुढं केला. देवाच्या आधी, पूजेच्या आधी. नागनाथा, एवढं पदरात घे, असं पुटपुटत त्या मागं मागं सरकत राहिल्या. जोडी गुळाच्या वासानं चटकन आली. शेंद्र्यानं दोनदा मान वर केली, दोनदा परत घातली. तिसऱ्यांदा तो फुरफुरला, जीभ बाहेर काढून तोंड झटकलं आणि मग पुरणाकडं आला. त्याच्या नाकपुडीला निंबोळीचा चुरा चिकटला होता.

भागवतनं जनावरांचे डॉक्टर प्रज्ञेश यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, बैल फुगला, थरथरला, तोंडाला फेस आला तर लगेच कळवा, मी औंढ्याहून निघतोच. येताना सिरका आणतो, युरियावर तोच उतारा. कडू लागून बैलानं दाणे थुंकून टाकलेही असतील, पण त्या भरवशावर राहू नका.

मग बाभळीखाली तीन बैल आणि तीन माणसं. द्वारकाबाई बसल्या की उठायच्या, उठल्या की शेंद्र्याच्या डाव्या कुशीवर हात ठेवायच्या. घटकेत कूस ताणल्यासारखी वाटे, घटकेत न्हाई. काहून घाई केली, एक दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं, हेच डोक्यात.

त्यांची जोडी आधी रवंथ करायला लागली. शेंद्र्या उभाच. माशी बसली तरी कातडं हलवीना. द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. डॉक्टरांची मोटरसायकल खालच्या वळणावर ऐकू आली, तेव्हा कुठं शेंद्र्याच्या गळ्यातून एक गोळा वर चढला आणि जबडा आडवा फिरायला लागला.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, डोळे पाहिले. आता धोका वाटत न्हाई, पण दुपारपर्यंत नजर ठेवा, म्हणाले. सिरक्याच्या बाटल्या त्यांनी तिथंच ठेवल्या.

ग्यानोबानं खाली बसून रिकाम्या पातेल्यात पाहिलं.

"सगळ्या गावाआधी आमचा शेंद्र्या जेवला, वैनी. पण गवत काय झ्याक केलंत. त्यालाबी सोडवेना."

द्वारकाबाईंना हसू आलं न्हाई. ओढ्यावर बैल धुणं चाललं होतं. धुऊन झाले की जो तो चांगलं गवत शोधत येणार, आणि भागवतनं सकाळपासून गावभर फुशारकी मारलेली. पोळ्याच्या दिवशी आपलं गवत बैलांना बंद, हे गावात आजवर कुणाच्याच घरानं म्हटलं नव्हतं.

त्यांनी भागवतला बोरीच्या काट्या तुकड्याच्या तोंडाशी लावायला सांगितलं, हात पदराला पुसले आणि ओढ्याकडं निघाल्या. औंदा माझ्या माळावर बैल सोडू नका, कालचं खत तसंच वर पडलंय, हे तिथं जाऊन सगळ्यांना सांगायचं होतं.