कुंदाकाकूंची एक्केचाळीस पाकिटं

ऑक्टोबर महिन्यात कुंदा वानखडे यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी प्रश्न येत असे, "पाकीट आलं का?" पाकीट म्हणजे मतपत्रिकेचं. कॅलिफोर्नियात निवडणुकीच्या महिनाभर आधी प्रत्येक मतदाराला टपालाने मतपत्रिका येते. ती घरी बसून भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि टपालात किंवा रस्त्यावरच्या अधिकृत पेटीत टाकायची. पाकीट आलं म्हटलं की काकूंचा पुढचा प्रश्न, "उघडलं तर नाही ना?" उघडलं असेल तर त्या, टाके घरीच काढून आलेल्या रुग्णाकडे डॉक्टर बघतो तशा, आपल्याकडे बघत.

आमचं शहर खाडीच्या पूर्वेला आहे. काकू नागपूरहून इथे लग्न करून आल्या आणि त्यांनी एका इस्पितळाच्या रक्तपेढीत सव्वीस वर्षं एकच काम केलं: रक्तदात्यांना फोन करून बोलावणं. "आठ आठवडे झाले, नवीन रक्त तयार झालं असेल, कधी येता?" या वाक्याला नाही म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. नवरा गेला, नोकरी संपली. वही, फोन आणि आवाज तेवढे उरले. काकूंनी रक्ताच्या जागी मत घातलं. त्या म्हणत, "दोन्ही मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि दिल्यानं कोणाचं काही बिघडत नाही." या विधानाचा दुसरा अर्धा भाग पुढे चुकीचा ठरला.

मतदानाच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे तर्रीपोहे असत. लोक बंद पाकिटं घेऊन येत. जेवणाच्या टेबलावर काळ्या शाईची पेनं मांडलेली असत. राष्ट्राध्यक्ष वगैरे पदांबाबत काकू उदार होत्या. "वरचे मोठे लोक तुमचे तुम्ही बघा, त्यांना आपली गरज नाही." मग पान उलटलं की आवाज बदलायचा. "आता पेन थांबवा." नगरपरिषद, शाळामंडळ, पाणीपुरवठा मंडळ. कोणतं वर्तुळ काळं करायचं ते त्या उमेदवाराच्या नावाने सांगत नसत, वरून कितवं ते सांगत. नाव वाचण्यात वेळ जातो.

एका बाबतीत त्या सुधारकही होत्या. आमच्यातल्या कित्येक घरांत चारही मतपत्रिका एकटा नवरा भरायचा, सह्या मात्र ज्याच्या त्याच्या. काकूंनी ही पद्धत मोडून काढली. बायकांना त्या वेगळ्या टेबलावर बसवत आणि बजावत, "नवऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही." कोणाचं ऐकायचं तेही त्याच टेबलावर कळत असे.

मी तेव्हा एका छोट्या इंग्रजी साप्ताहिकासाठी नगरपरिषदेच्या बातम्या लिहीत होतो. हे कायद्यात बसतं का, असं मी एकदा विचारलं. दुसऱ्याचं बंद पाकीट पेटीत नेऊन टाकायला आमच्या राज्यात परवानगी आहे. मताच्या बदल्यात काही द्यायला नाही. काकू म्हणाल्या, "मत न देणाऱ्यालाही पोहे मिळतात. फक्त तसा कोणी अजून आला नाही." मी बातमी केली नाही. मीही दोन वेळा वाढून घेतले होते.

समीर उभा राहिला तेव्हा या यंत्रणेचं सोनं झालं. समीर काकूंच्या रविवारच्या मराठी शाळेतला जुना विद्यार्थी. चाळिशीचा, वकील, मराठी नीट समजणारा आणि इंग्रजीत उत्तर देणारा. नगरपरिषदेच्या आमच्या प्रभागातून तो उभा आहे म्हटल्यावर समाजाने त्याची मतं काय आहेत, हे विचारलं नाही. त्याची आई कुठली, हे विचारलं. ती साताऱ्याची निघाल्यावर चर्चा संपली. गणपतीत तो सदरा घालून आला, आरतीला मिनिटभर उभा राहिला, फोटो झाल्यावर घाईने गेला. प्रसादाचा द्रोण गाडीच्या टपावर तसाच राहिला होता. काकूंनी तेवढंही त्याच्या बाजूने वळवलं. "बघा, किती बिझी आहे. कामाचा माणूस."

त्याने काकूंना एकच आश्वासन दिलं, कारण त्यांनी एकच मागितलं होतं. ज्येष्ठांच्या वसाहतीसमोर आठ पदरी रस्ता आहे आणि पलीकडे बाग, वाचनालय, बसथांबा. पायी ओलांडणाऱ्यांसाठी सिग्नल एकवीस सेकंद मिळायचा. काठी घेऊन चालणारा माणूस एकवीस सेकंदांत पलीकडे पोचत नाही, मधल्या पट्टीवरच अडकतो. तिथे तो दोन्हीकडून धावणाऱ्या गाड्यांमध्ये पुढच्या सिग्नलची वाट बघत उभा राहतो. काकूंनी स्वतः घड्याळ लावून हिशेब काढला होता: चौतीस सेकंद हवेत. समीर म्हणाला, "काकू, कन्सिडर इट डन. फर्स्ट हंड्रेड डेज." त्याच्या प्रचारपत्रकावर हे छापलंही गेलं.

त्या रविवारी काकूंच्या कापडी पिशवीत एक्केचाळीस पाकिटं जमली. समीर एकोणतीस मतांनी निवडून आला.

शंभर दिवस गेले, मग वर्ष गेलं. समीर दिवाळीला दिसायचा, योगदिनाला दिसायचा, एका नव्या योगर्टच्या दुकानाची फीत कापताना दिसला. सिग्नलचं विचारलं की म्हणायचा, स्टडी चालू आहे, इट्स इन द पाइपलाइन. काकू हे इतरांना सांगताना त्याची बाजू घेत, पण सूर उतरत चालला होता. एकदा मला म्हणाल्या, "स्टडी करून राहिले म्हणे. रस्ता आहे का पीएचडी?"

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत वसाहतीतल्या विजयाताई शिरोडकर त्या रस्त्यावर पडल्या. मधल्या पट्टीवर थांबायचं टाळायला त्या घाईने निघाल्या आणि उजवीकडे वळणाऱ्या गाडीने त्यांना ओझरता धक्का दिला. मनगट मोडलं, खुब्याला मार लागला. त्यांचे यजमान शिरोडकर निवृत्त यांत्रिकी अभियंते, कमी बोलणारे. चौथ्या दिवशी ते काकूंच्या घरी गेले. तिथे काय झालं ते दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

काकू म्हणाल्या, "समीरला चांगलं खडसावून विचारा. मत दिलंय तुम्ही त्याला."

"मी त्याला नाही दिलं, कुंदाताई," शिरोडकर म्हणाले. "मी ओळखतही नाही त्याला. मी तुम्हाला दिलं. वरून तिसरं म्हणालात, मी तिसरं केलं. तेव्हा विचारायचं तर तुम्हालाच विचारतो."

काकू उठल्या. मग त्यांनी वही काढली.

पुढचे दोन आठवडे त्या एक्केचाळीस जणांना भेटल्या. फोनवर नव्हे, घरी जाऊन. प्रत्येक ठिकाणी एकच सांगितलं: मी तुम्हाला वाचू दिलं नाही, चूक झाली. लोक अवघडले. कोणी म्हणालं, काकू, एवढं काय त्यात. कोणी विचारलं, मग या वर्षी पोहे नाहीत का. एका घरी नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की काकू चहा न घेता उठल्या. समीरचे दोन फोन आले. दुसऱ्यात तो म्हणाला की हे प्रायव्हेटली सोडवू, आपल्याच माणसाला पब्लिकमध्ये एम्बॅरस करणं बरं दिसत नाही. काकूंनी विचारलं, "विजया पब्लिकमध्येच पडली ना?"

नगरपरिषदेची बैठक मंगळवारी संध्याकाळी असते. सुरुवातीला कोणीही नागरिक नाव नोंदवून तीन मिनिटं बोलू शकतो. समोर घड्याळ असतं आणि वेळ संपली की लाल दिवा लागतो. काकू माइकपाशी गेल्या, चष्मा लावला आणि कागदावरून इंग्रजीत वाचलं. मी शब्दशः टिपून घेतलं. मराठीत ते असं होतं:

"माझं नाव कुंदा वानखडे. सव्वा वर्षापूर्वी मी एक्केचाळीस लोकांना घरी बोलावलं, खायला घातलं आणि कोणतं वर्तुळ काळं करायचं ते सांगितलं. पत्रिकेवरची नावं त्यांना वाचू दिली नाहीत. सदस्य समीर एकोणतीस मतांनी निवडून आले. म्हणजे ते आमच्या प्रभागामुळे नव्हे, माझ्यामुळे त्या खुर्चीत बसले आहेत. त्यामुळे जाब विचारायचा अधिकार मला इथल्या सगळ्यांपेक्षा कमी आहे. तरी विचारते. एकवीसचे चौतीस कधी?"

त्या जाऊन बसल्या तेव्हा दोन मिनिटं शिल्लक होती. महापौरांनी आपला अनुभव सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानले. परिषदेच्या वकिलाने हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं. समीर समोरच्या कागदांत काहीतरी शोधत होता. त्याच्यासमोर एकच कागद होता.

सिग्नल सोळा दिवसांत चौतीस सेकंदांचा झाला. अभ्यासाचा अहवाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला आणि त्यात पस्तीस सेकंदांची शिफारस होती.

काकूंकडे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयातली एक तरुण अधिकारी चौकशीला आली. कोणाची पत्रिका तुम्ही स्वतः भरली का? नाही. खाणं मताच्या अटीवर होतं का? काकू म्हणाल्या, तोंडाने नाही. मग त्यांनी तिला पोहे विचारले. तिने नकार दिला आणि तोही टिपणात लिहिला. शेवटी समज देणारं पत्र आलं. काकूंनी ते फ्रिजवर लावलं. काढा म्हणणाऱ्यांना त्या सांगत, "राहू द्या. रक्तपेढीनं एवढी सर्टिफिकेटं दिली, पण एवढं खरं कोणी लिहिलं नव्हतं."

पुढच्या निवडणुकीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पुन्हा सगळ्यांना फोन केले. या वेळी प्रश्न असा होता: "पुस्तिका वाचली का?" पुस्तिका म्हणजे मतपत्रिकेसोबत येणारं, उमेदवारांची निवेदनं छापलेलं जाड पुस्तक. आमच्या समाजात ती आजवर कुंडीखाली ठेवायच्या कामी येत होती. लोक वैतागले. एका डॉक्टरांनी सरळ विचारलं, "पण कोणाला द्यायचं ते तर सांगा." काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पेशंटला न तपासता औषध देता का?" डॉक्टर म्हणाले, हल्ली देतो. शिरोडकरांनी आपली पत्रिका तीन आठवडे भरली. पेन्सिलीने आधी वेगळ्या कागदावर, फायद्यातोट्याचे रकाने पाडून.

समीर पुन्हा निवडून आला, दोनशे अकरा मतांनी. त्याच्या पत्रकावर चौतीस सेकंदांच्या सिग्नलचा फोटो होता आणि खाली 'प्रॉमिस केप्ट' असं लिहिलं होतं. ज्येष्ठांच्या वसाहतीने त्याला भरभरून मतं दिली. मला वाटलं काकू खचतील. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "आला तर आला. मागच्या वेळी तो माझा होता, या वेळी लोकांचा आहे. आता त्यांनी बघावं."

फेब्रुवारीत त्या गेल्या. झोपेत, कोणाला फोन न करता. पुढच्या मंगळवारी समीरने परिषदेत शोकप्रस्ताव मांडला. तो म्हणाला की लोकशाही म्हणजे काय, हे मला कुंदाकाकूंनी शिकवलं. तो हे मनापासून म्हणाला, असं माझं मत आहे. सगळे मिनिटभर उभे राहिले.

नंतर नागरिकांचं पहिलं नाव पुकारलं गेलं ते शिरोडकरांचं. ते हळूहळू माइकपाशी गेले. मौन पाळल्याबद्दल त्यांनी परिषदेचे आभार मानले. मग खिशातून समीरचं नवं पत्रक काढलं, घडी उलगडली, आणि त्यातल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की बसथांब्यावर बाक बसवणार होता, त्याचं काय झालं.