जाड्या, बारक्या आणि वहिनीची हळद

आपल्याला चित्रातलं कळतं असं म्हणणाऱ्या पुरुषांची मला अजून चीड येते, आणि त्याला कारण माझा सख्खा भाऊ.

पहिल्या बाळंतपणाला मी कळमनुरीला माहेरी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतून, आणि मराठी छापील कागद घरात दिसणं नवलाचं. पण वहिनी वाशीमची, वऱ्हाडातली, म्हणजे इंग्रजी अमलातली. तिचा भाऊ तिला मुलांचं एक मासिक पाठवायचा. त्यात दोन चित्रकारांच्या दोन चित्रकथा असत, चौकटी पाडून काढलेल्या. आम्ही नणंद-भावजयींनी त्या दोघांना नावं ठेवली होती, जाड्या आणि बारक्या.

जाड्या कुंचल्यानं काढायचा. पागोट्यापासून टाचेपर्यंत माणूस एका रेघेत. मागं घर नाही, झाड नाही, नुसता कोरा कागद. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, तरी माणूस चिडलाय हे खांद्यांवरून कळायचं. बारक्या निबवाला. कौलं एकेक, पिंपळाचं पान एकेक, आणि अंधार दाखवायचा तर रेघांवर आडव्या रेघा, कूड विणावा तशा. मी बारक्याच्या बाजूची. त्याचे कष्ट तरी दिसत होते!

"वन्सं, याची माणसं फोटूला बसल्यावानी हायेत," वहिनी म्हणायची. "घोडं पळून राहिलं, अन् पाय पाहा, चारी जमिनीवर."

"अन् तुमच्या जाड्याला साधं झाड काढता येत न्हाई!"

"येते. काढत न्हाई तो. रांगोळीत चिमूट कुठं थांबवावी हे ज्याला कळते, त्याचा हात हाय हा."

एकदा तिनं दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात घोटली, बाभळीचीच काडी ठेचून कुंचला केला, आणि एकच शेळी दोनदा काढली. बोरूनं बारक्याची, कुंचल्यानं जाड्याची. पहिलीचा केसन् केस दिसत होता. दुसरी मात्र आता माझ्या ओच्यात तोंड घालणार असं वाटलं. मी हरले, आणि मुळीच कबूल केलं नाही.

मग तिनं स्वतःची चार चौकटींची गोष्ट काढली. हळदीच्या दिवशी बायकांची गडबड, शेळी हळदीच्या वाटीत तोंड घालते, आणि शेवटी नवरीबरोबर शेळीही पिवळीधमक होऊन पाटावर बसते. आम्ही पोट धरून हसलो. आता हळदीच्या नवरीचं तोंड कोरं कसं ठेवायचं? वहिनीनं घरची हळद कालवली आणि नवरीची, शेळीची तोंडं छान रंगवली.

दादा हिंगोलीला हळदीच्या आडतीत बसायचा. त्यानं चित्र पाहिलं, "आपल्याला कळतं यातलं" म्हणत मान डोलावली, आणि मासिकाला धाडताना खाली स्वतःचं नाव घातलं.

"बाईमाणसाचं नाव धा लोकांच्या हातात द्यायचं काय?"

"चित्र दिलेलं चालतं, मंग नावच काहून न्हाई?" मी म्हटलं.

"तुला न्हाई कळायचं."

अंक आला तो त्यानं आडतीत चारचौघांत उघडला. नवरी काळी ठिक्कर, शेळी काळी ठिक्कर. नाक नाही, डोळे नाहीत. लोक खो खो हसले. आणि या शहाण्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं की हे आमच्या घरातलीचं काम. घरी येऊन वर आम्हालाच ऐकवलं.

"चांगलं निघालं तर तुझं, बिघडलं तर तिचं व्हय?" मी एवढ्यानं ओरडले की मांडीवरचं लेकरू दचकलं. बाळंतिणीनं ओरडू नये म्हणून आईनं मलाच दटावलं. दादाला ती काही बोलली नाही.

वहिनी अंक घेऊन दारातल्या उजेडात बसली होती. "जिथं हळद, तिथंच काळं उठलं. छापायच्या आधी चित्राचा फोटू काढतेत म्हणं, त्या कॅमेऱ्याला पिवळं अन् काळं एकच दिसत असंल. म्हणून जाड्या कोरं ठेवते."

तिनं तीच गोष्ट पुन्हा काढली, नुसत्या काळ्या रेघेत, तोंडं पांढरी ठेवून. आणि हळदीच्या वाटीवर, नक्षीसारखं, कुंचल्यानंच आपलं नाव घातलं. लग्नात बदललेलं नव्हे, आईबापांनी ठेवलेलं. चित्रातच असल्यावर कोण काढणार? मागचं काळं उठलं, हे छापा, अशी चिठ्ठी जोडून सासरी जाताना हिंगोलीच्या टपालात ते मी माझ्या हातानं टाकलं.

दिवाळीला माहेरी आले तर दादा पेढे वाटत होता. चित्र छापून आलं होतं, आणि फार सुरेख आलं होतं. फक्त वाटी कोरी होती. मासिकाच्या कचेरीत कुणीतरी पांढरा रंग लावून नाव पुसलं होतं आणि खाली मागच्यासारखंच दादाचं नाव छापलं होतं, आडनावासकट. दादानं पेढ्यांचं ताट माझ्यापुढे धरलं. मी ते भिरकावलं. पेढे अंगणभर झाले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आत वहिनी चित्रातल्या वाटीवरून बोट फिरवत होती. "पुसलं मात्र सफाईनं. नवरीच्या बोटाची रेघ कुठं तुटली न्हाई."

"वहिनी, तुमाला राग कसा येत न्हाई?"

तिनं पान उलटलं. पुढं जाड्याची चित्रकथा होती, खाली एका पुरुषाचं नाव. तिनं त्या नावावरूनही बोट फिरवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "हे यानंच काढलं असंल का हो?"