तांदळात लिहायचं नाव

आमच्याकडे सून घरात आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीच्या कडेनं त्यात नवं नाव लिहितो, घरातली वडीलधारी बाई ते मोठ्यानं म्हणते आणि सगळ्यांच्या हातावर साखर पडते. त्यानंतर जुनं नाव माहेरच्या लोकांच्या तोंडी आणि शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरतं. माझ्या बायकोचंही नाव असंच बदललेलं आहे. ती म्हणते, पहिलं वर्षभर कुणी हाक मारली की दुसरं कोण आलंय म्हणून मी मागं वळून बघायचे. ही गोष्ट ती हसत सांगते. पण प्रत्येक लग्नात सांगते.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा या ताटाचा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. मुलगी आसामची. पुण्यात मुलगा ज्या दवाखान्यात कामाला आहे, तिथल्याच प्रयोगशाळेत ती काम करते. त्यानं फोनवर तिचं नाव सांगितलं. मला ‘ख’ ऐकू आला, बायकोला ‘ह’. मी म्हटलं, इंग्रजीत लिहून पाठव. आलं ते नाव ‘एक्स’ या अक्षरानं सुरू होणारं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. एक तर ते तिचं आहे, आणि दुसरं म्हणजे देवनागरीत लिहिलं तर निम्मे वाचक चुकीचंच वाचतील.

तो एक्स बघून मी मात्र खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो, कारण तो माझ्या ओळखीचा होता.

नोकरीच्या सुरुवातीला मला इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या उच्चारशास्त्राच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पहिल्या दिवशीचा सगळा वेळ दीपप्रज्वलन, शाली आणि नारळ यांच्यात गेला. प्रमुख पाहुण्यांनी स्पष्ट उच्चारांचं महत्त्व असं काही सांगितलं, की मागच्या तीन रांगांना एक शब्द कळला नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या एक किरकोळ अंगाच्या बाई वर्गात आल्या. त्यांनी सत्कार घेतला नाही. प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक पट्टी दिली आणि ती ओठांसमोर धरून ‘प’ म्हणा, मग ‘फ’ म्हणा असं सांगितलं. ‘फ’ला कागद हलला पाहिजे. मराठवाड्यात आम्ही ‘आम्ही’ला ‘आमी’ म्हणणारी माणसं. निम्म्यांचे कागद हलले नाहीत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चूक नाही ही, तुमच्याकडची हवा काटकसरी आहे.

त्यांनीच तो तक्ता दाखवला. जगातल्या माणसांच्या तोंडून निघणारे ध्वनी एका पानावर: ओठांपासून सुरू होऊन दात, टाळू, घसा असं आत आत जाणारे. उलटे केलेले ई, लांब मानेचे एस, शेपट्या फुटलेले एन. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, तुम्ही दोन बोलता आणि एक लिहिता, हेही त्यांनीच सांगितलं. मी जन्मभर मराठी बोलत होतो आणि मला हे एका परक्या बाईनं सांगावं लागलं. तिथून आणलेला तक्ता मी आमच्या कॉलेजच्या वर्गात लावला. दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचा, “सर, हे परीक्षेला हाय का?” नाही म्हटलं की विषय संपायचा. मी निवृत्त झालो तेव्हा तक्ता घरी आणला. तिथे खिळ्याभोवतीची जागा तेवढी पांढरी राहिली.

त्या तक्त्यात, मागच्या टाळूच्या रकान्यात, एक्स बसलेला आहे. ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला पक्की टेकते. ती टेकू द्यायची नाही, बारीक फट ठेवायची आणि हवा घासून जाऊ द्यायची. आसामीत आपला ‘स’ पुष्कळदा असा घासून येतो. हे मी बायकोला मोठ्या अभिमानानं समजावलं. तिनं विचारलं, “मग म्हणून दाखवा की.” मी म्हणून दाखवलं. ‘ख’ आला. स्वच्छ, मराठी, वर्गात तीस वर्षं शिकवलेला ‘ख’.

लग्नाआधी मुलगी एकदा आमच्या गावी, वडवणीला आली. तिला बघायला शिरूर कासारहून माझी मोठी बहीण आली. आमची आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. त्यामुळे आमच्या घरात तिचा शब्द हा शेवटचा शब्द असतो. तिनं मुलीला जवळ बसवलं, हात हातात घेतला, रंगरूप, चालणं-बोलणं सगळं पसंत केलं आणि मग विचारलं, “नाव काय म्हनलीस?”

मुलीनं सांगितलं.

“काय?”

तिनं पुन्हा सांगितलं. अर्थही सांगितला: त्यांच्याकडच्या एका फुलाचं नाव.

“मग आपल्याकडं बी हाय की ते फूल,” आक्का खूश होऊन म्हणाली. “आपल्या भाषेतलं नाव ठिवू. फूल तेच. ताटात तेच लिव्हायचं.”

मुलगी मोडक्या मराठीत, पण अजिबात न अडखळता म्हणाली, “आत्या, मी मराठी शिकणार. भाकरी शिकणार. सगळं शिकणार. नाव नाही बदलणार.”

आक्काला नाही म्हणणारं माणूस आमच्या पिढीत झालं नव्हतं.

मग मुलगी माझ्याकडे बघून हिंदीत बोलली. पुण्यात कुणी तिला ‘शे’नं हाक मारतं, कुणी ‘झे’नं, मुकादम ‘एक्स मॅडम’ म्हणतो. ती सगळ्यांना उत्तर देते. घरात तरी एकच असावं, एवढंच तिचं मागणं.

“कावून पण?” आक्का मला म्हणाली. ती चिडली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. “नाव कशाला असतंय? हाक माराया. बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधापस्तोर गेली पायजे. माज्या तोंडातून निगंना ते नाव मी कसं पुकारू चार बायात?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ताटातलं नाव मोठ्यानं म्हणण्याचा मान तिचा होता आणि म्हणता येणार नाही असं नाव ती म्हणणार नव्हती. एकीकडे आक्का, दुसरीकडे ती पोर. आणि मधे मी, उच्चारशास्त्राचा प्रशिक्षित.

तेवढ्यात आमचे शेजारी आले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सकाळचा चहा आम्ही वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर घेतो. मुलगी आल्याचं ऐकून ते पेरू घेऊन आले होते. त्यांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांनी ते म्हटलं. पहिल्या झटक्यात, जसंच्या तसं. मुलगी पेरू घेता घेता थांबली. “फिर से बोलिए,” ती म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मास्तर घाबरून म्हणाले, “काही चुकलं का बेटा?”

मी त्यांना ओट्यावर नेऊन विचारलं, हे कसं जमलं.

“सर, त्यात काय. ख़ुदा, ख़बर, ख़र्च. आपलं रोजचंच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खरं सांगू, आम्ही दख्खनवाले ‘क़रीब’ला पण ‘ख़रीब’ म्हणतो. उत्तरेकडचे हसतात आमाला. इतका ख़ पडून हाय आमच्याकडं. घ्या की लागेल तेवढा.”

आतून आक्काचा आवाज आला, “त्येंचं अक्षर हाय ते, त्येंना येनारच!”

मास्तर दारातूनच म्हणाले, “आक्का, अक्षर कुणाचं नसतं. घशाचं असतं. डाळीचं फोलपट घशात अडकलं तर काय करता?”

“काय करते? ख्ख करून काडते.”

“बस्स. तेच. फक्त जरा हळू, अन् आदबीनं.”

आक्का हसली नाही. पण पदर तोंडाशी गेला, हे मी पाहिलं.

दुपारी अंगणात दुसरंच चाललं होतं. आक्का मुलीची परीक्षा घेत होती. आसामीत ‘त’ आणि ‘ट’ वेगळे नाहीत, ‘ळ’ तर नाहीच. चहाला ती ‘सा’च्या जवळपास काही म्हणायची.

“नळ म्हन.”

“नल.”

“नल न्हाई गं. नळ. जीब वर मुडप.”

“कशी? दाखवा.”

आक्कानं तोंड उघडलं. प्रयोगशाळेतली पोर ती. तिनं मोबाईलची बॅटरी लावली आणि आत नीट वाकून बघितलं. आक्का तोंड उघडं ठेवूनच ओरडली, “आगं बया! ह्या पोरीनं माज्या तोंडात बॅटरी मारली!” माझ्या बायकोला हसू आवरेना, तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“परत म्हणा,” मुलगी म्हणाली.

“नळ.”

“नळ,” मुलगी म्हणाली. थोडा जड आला, पण ‘ळ’च होता.

“आला की!” आक्का म्हणाली. “आता टिळा. आता काळा.”

“काळा. आता तुमची बारी.”

“माजी कशाची बारी? मला दात न्हाईत.”

“आक्का,” मी म्हटलं, “या उच्चाराला दात लागतच नाहीत.” माझ्या सगळ्या विद्येचा त्या दिवशी एवढाच उपयोग झाला.

“मग काय लागतंय?”

“घसा.”

“त्यो हाय,” आक्का म्हणाली आणि उठून आत गेली. नाव मात्र म्हटलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आक्का निघाली तेव्हा माझी बायको तिची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेली. नणंदेसमोर ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “वन्सं, माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिनं विचारायच्या आधीच सांगितलंय.” आक्कानं तिच्या हातून पिशवी घेतली. मग म्हणाली, “बगू.” बगू म्हणजे हो की नाही, हे आक्काच्या बाबतीत आजवर कुणाला आधी कळलेलं नाही.

लग्न महिन्याभरानं झालं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मंगलाष्टकं पुढाऱ्यांसाठी थांबली. पुढारी आले, माईक हातात घेतला, मुलीच्या नावाचा ‘क्ष’ केला, माझ्या मुलाच्या जागी त्याच्या चुलत भावाचं नाव घेतलं आणि उभयतांना शुभेच्छा देऊन पुढच्या मांडवाकडे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पुढाऱ्याला नवऱ्या मुलाचं नाव येत नाही म्हणून आपण त्या मुलाचं नाव बदलत नाही. मग हिच्याच नावानं काय घोडं मारलंय? पण मांडवात वाटलेलं मांडवातच राहतं. ताट घरी होतं.

दुपारी घरात बायकांची गर्दी झाली. मुलानं तांदळात नाव लिहिलं. काय लिहिलं ते मला उभ्या जागेवरून दिसत नव्हतं. मुलगी मान खाली घालून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आक्का साखरेची वाटी घेऊन ताटावर वाकली. वाचता तिला फारसं येत नाही. तिच्याजवळ फुलाचं मराठी नाव तयार होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांची बायको माझ्या बायकोचा हात धरून उभी होती.

आक्का सरळ झाली, एक श्वास घेतला आणि मुलीचं नाव म्हणाली. तिचं, आईबापानं ठेवलेलं. पहिला ध्वनी गरजेपेक्षा जरा जास्त खरखरीत होता, पण जिथून यायला हवा तिथूनच आला.

“काय म्हनलात, आक्का?” मागून एकीनं विचारलं.

“कानात बोळे हायेत का गं?” आक्का म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, यावेळी बांधावरून पुकारावं तसं. “हेच नाव. जुनंच. म्हना समद्या.”

बायका म्हणाल्या. काहींना जमलं, काहींचा ‘ख’ झाला, एकीला ठसका लागला. त्या गोंधळात मुलगी उठली, आक्कासमोर उभी राहिली आणि हाकेला द्यावी तशी ओ दिली. आक्कानं तिच्या तोंडात साखर घातली आणि म्हणाली, “बस आता. रडायचं काय त्यात.” तिचे स्वतःचे डोळे मात्र ती पदरानं पुसत होती.

प्रशिक्षणातल्या त्या बाईंचे, मास्तरांचे आणि माझ्या बायकोचे मी आजवर मनातल्या मनात पुष्कळदा आभार मानले आहेत. आक्काचे नेमके कशासाठी मानावेत ते मला जेवणाच्या पंगतीपर्यंत कळलं नव्हतं. माझ्या शेजारी तिचा मुलगा बसला होता. भाताचं आळं करत तो म्हणाला, “मामा, एक नवल सांगू? आईला महिनाभर खोकला होता. रात्रंदिवस ख्ख, ख्ख. शिरूरच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं दोन बाटल्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. अन् आज सकाळपासून बघा, एकदम बंद.”

“औषध घेतलं का तिनं?” मी विचारलं.

“घेतलं की. मुकाट्यानं. दोन्ही बाटल्या.”

मी पंगतीच्या टोकाकडे पाहिलं. आक्का मुलीच्या पानात पुरणपोळी वाढत होती आणि ती नको नको म्हणत असताना तिला नावानं हाक मारून दटावत होती.